लाल दिवा लागत नव्हता

चंद्रपूरची मुलगी ऊब विकते म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्यांत ज्या जिल्ह्याचं नाव सगळ्यांत वर असतं, तिथं हीटर कोण घेणार? मी समजावत बसत नाही. मला लोकांना समजावणं जमत नाही, आणि माझं अर्धं काम तर तेच आहे.

पण डिसेंबरात सिंदेवाहीच्या बाजूला एखाद्या तलावाकाठच्या गावात ज्यानं सकाळ काढली आहे, तो हसत नाही. धान कापून झालेलं असतं, शेतातल्या बांध्यांमध्ये ओल असते, तलावावरून धुकं येतं आणि छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून सरळ घरात उतरतं. माणूस अंगावर दोन चादरी घेतो. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लाला तेही करता येत नाही. त्याच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. पहिले तीन-चार आठवडे त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते, नाहीतर पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

ही ऊब देण्यासाठी लोक शेडमध्ये मोठे बल्ब किंवा हीटर लावतात, त्याला ब्रूडर म्हणतात, आणि दिवसरात्र चालू ठेवतात. दुपारी ऊन तापलेलं असलं तरी चालू, पिल्लं मोठी झाली तरी चालू. आमची कंपनी एक डबा लावून देते. त्याचं खरं नाव प्रोग्रामेबल थर्मोस्टॅट. गावात त्याला डब्बाच म्हणतात. डब्यातून एक वायर निघते, तिच्या टोकाला पेनाच्या टोपणाएवढा सेन्सर असतो. तो पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगायचा. मग डब्याला सांगून ठेवायचं, की पहिल्या आठवड्यात इतकं तापमान, दुसऱ्यात थोडं कमी, तिसऱ्यात आणखी कमी, आणि उन्हाच्या वेळी त्याहून कमी. तेवढी ऊब झाली की हीटर आपोआप बंद होतात, घसरली की चालू. हीटर चालू असताना डब्यावर लाल दिवा लागतो. डब्यात सिमकार्डही असतं, त्यामुळे सगळ्या शेडचे आकडे मला माझ्या फोनवर दिसतात.

मी ऊर्जानगरमध्ये वाढले. बाबा वीज केंद्रात होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहत होतो, शाळा इंग्रजी माध्यमाची. वीज वाचवायची असते, हे मला या नोकरीत आल्यावर कळलं. मराठी आकडे तर अजूनही चुकतात. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत मी आधी मनात थर्टी मायनस वन करते. गिऱ्हाइकांना हे लगेच कळतं. एक बाई मला मुद्दाम विचारायच्या, "सांगा मॅडम, एकोनसाठ म्हंजे किती?" आणि सुनेकडे बघून तोंडाला पदर लावायच्या.

भीती मला बऱ्याच गोष्टींची वाटते. जंगलातल्या रस्त्यानं सकाळी लवकर स्कूटी काढायला भीती वाटते, म्हणून मी बसनं जाते. अनोळखी अंगणातल्या कुत्र्यांची वाटते. पण जास्त भीती या सेन्सरची वाटते. लोकांना वाटतं, डब्याला सगळी शेड दिसते. त्याला काहीच दिसत नाही. त्याला फक्त सेन्सरच्या भोवतीची वीतभर हवा कळते. आलापल्लीकडे एका घरी पिल्लं सेन्सरला चोच मारत होती, म्हणून घरातल्या बाईंनी तो उचलून वर वाशाला बांधला होता. गरम हवा वर जाते. डबा समजला, शेड तापली, आणि हीटर बंद करून बसला. खाली पिल्लं थंडीनं एका कोपऱ्यात ढीग करून होती. मी पोचले तेव्हा ढिगाच्या तळाची गेली होती. बाई म्हणाल्या, "मी तं त्याले पोरासारखं जपलं जी." खरंच जपलं होतं. वायरीला चिंधी गुंडाळून गाठ मारली होती.

तेव्हापासून आकडा चांगला दिसला तरी माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसत नाही. चांगलाच दिसला तर आणखीच कमी.

कुंदाबाईची शेड सिंदेवाहीपासून थोडं आत, तलावाच्या मातीच्या पाळीखालच्या एका गावात आहे. घर मासेमारी करणाऱ्यांचं. थोडं धानही आहे. नवरा-बायको दोघं राबणारी, आणि घरात सासरे, मुखरू आबाजी. कुंदाबाई त्यांना मामाजी म्हणते, बाकी सगळं गाव आबाजी. आयुष्यभर जाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिल्यानं त्यांचे पाय गेले होते. म्हणजे चालता येत होतं, पण थंडीत रात्रंदिवस ठणकायचे. हिवाळा लागला की त्यांच्या खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं असायचंच. तिकडे बऱ्याच घरांत म्हाताऱ्या माणसांच्या खाटेखाली असतं. घर असं फटींचं असतं की धूर काय, वास काय, काही थांबत नाही.

डबा लावायला गेले तेव्हा आबाजी दारात बसून बघत होते. मी स्टुलावर चढले तर म्हणाले, "पोरी, तुयापेक्षा तो डब्बा जड दिसते."

कुंदाबाई म्हणाली, "मामाजी, मॅडम इंग्लिस शाळेत शिकल्या आहेत. चिडवू नका."

"चिडवून नाई राह्यलो. स्टूल धरू का म्हनतो."

त्यांनी खरंच स्टूल धरलं. मी त्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या, ज्या सगळीकडे सांगते. पडदे चारी बाजूंनी लावा, पण वर छपराखाली हातभर जागा उघडी ठेवा, हवा खेळली पाहिजे. सेन्सर हलवू नका. आणि शेडमध्ये विस्तव आणायचा नाही, खाली धानाचा तूस अंथरलेला आहे, एक ठिणगी पडली तर सगळं पेटेल. कुंदाबाईनं प्रत्येक गोष्टीला "हो जी" म्हटलं.

पहिले दोन आठवडे फार चांगले गेले. कुंदाबाईला तो लाल दिवा म्हणजे खेळच झाला. तो जितका कमी वेळ लागेल तितकी वीज वाचली, हे तिला पक्कं समजलं होतं. फोन करून विचारायची, "ताई, आज कसा हाये माया नंबर?" दुसऱ्या गावात तिच्या बहिणीकडेही आमचाच डबा होता आणि तिला बहिणीच्या पुढे राहायचं होतं. मी फोनवर बघून सांगायचे, तुमचे हीटर तिच्यापेक्षा कमी चालले. शाबास म्हणायचे. तिला खूप आनंद व्हायचा आणि मलाही व्हायचा, कारण एरवी लोक माझ्याशी आनंदानं फारसं बोलत नाहीत.

आणखी जिंकण्यासाठी तिनं छपराखालची हातभर जागा तणसाच्या पेंढ्या कोंबून बंद केली होती. ऊब बाहेर जाऊन राह्यली ना, मग फुकट जाते ना, असा तिचा सरळ विचार. मला ते माहीत नव्हतं. फोनवर तणीस दिसत नाही.

दुसरीही एक गोष्ट मला माहीत नव्हती. त्या घरातली सगळ्यांत उबदार खोली पिल्लांची होती. आबाजींना ते पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी आपली खाट शेडमध्ये नेली. सांगताना सांगायचे, मुंगूस येते, राखण करतो. कुंदाबाईला बरंच झालं, कोणीतरी पिल्लांपाशी आहे. पण तिसऱ्या आठवड्यात डब्यानं ठरल्याप्रमाणे तापमान खाली आणलं. पिल्लांना पिसं फुटत होती, त्यांना ते पुरत होतं. आबाजींना पुरत नव्हतं. "डब्बा आता कंजूस झाला," ते सुनेला म्हणाले होते. तिनं हसून सोडून दिलं.

त्या सकाळी मी सिंदेवाहीच्या बसस्टँडवर होते. धुकं होतं, बस आली नव्हती. सवयीनं फोनवर एकेक शेड बघत होते. कुंदाबाईच्या शेडचा आकडा वर होता. डब्याला सत्तावीस सांगितलेलं, आणि तो छत्तीस दाखवत होता. हीटर बंद. बराच वेळ बंद.

पहिली भीती आगीची वाटली. मग मी मागचे आकडे बघितले. ते हळूहळू चढले होते, पायरी पायरीनं, आणि आता एका जागी थांबले होते. आग अशी चढत नाही. हीटर बंद, ऊन नाही, बाहेर दात वाजताहेत, आणि आत कोणीतरी सेन्सरजवळ शांतपणे काहीतरी तापवत आहे. मी फोन लावायला लागले.

कुंदाबाईचा फोन वाजत राहिला. तिच्या नवऱ्याचा बंद. नंतर कळलं की दोघं पहाटेच खळ्यावर गेली होती, धान चुरायला, आणि तिचा फोन घरात चार्जिंगला होता. त्या गावातला माझ्याकडे आणखी एकच नंबर होता, समोरच्या किराणा दुकानाच्या वासुदेवभाऊंचा. डब्याच्या सिमकार्डाला रिचार्ज त्यांनीच मारलं होतं.

"हॅलो, भाऊ, मी... ती ब्रूडरवाली बोलतेय."

"कोन? रिचार्ज पायजे का?"

"नाही. कुंदाबाईच्या शेडमध्ये कोण आहे आता?"

"कोन असन? आबाजी असन. राखन करते ना तो. काऊन?"

"त्यांना हाक मारा. आत्ता जा. प्लीज."

"अवो मॅडम, दुकानात गिऱ्हाईक हाये. थंडीत बुडा मानूस झोपनारच ना. उठले का सांगतो तुमाले."

आबाजींच्या खाटेखालचं निखाऱ्यांचं घमेलं मला आठवलं. मग मी काय म्हणाले ते नीट आठवत नाही. स्टँडवरची माणसं माझ्याकडे वळून बघत होती, म्हणजे मोठ्यानं बोलले असणार. एवढं आठवतं की मी म्हणाले, "भाऊ, तो माणूस मरतोय. पडदा फाडा."

मग ते म्हणाले, "नवा पडदा हाये तो. कुंदा मले फाडून खाईन." पण हे बोलतानाच त्यांचा आवाज हलायला लागला होता. ते चालत होते. चपलांचा आवाज आला, कुत्रं भुंकलं. मग ते हाक मारायला लागले. "आबाजी. ओ आबाजी. उठा ना बे." पहिली हाक चेष्टेची होती. दुसरी नव्हती. तिसऱ्या हाकेनंतर दाराची कडी वाजली, ते खोकले, काहीतरी शिवी दिली, आणि फोन पडल्याचा आवाज आला. लाइन तुटली.

मी परत लावला. लागला नाही.

एक रिक्षावाला माझ्याकडे बघतच उभा होता. मी गावाचं नाव सांगितलं, त्यानं काही न विचारता गाडी वळवली. वाटेत रुग्णवाहिकेला फोन केला. पत्ता सांगताना तलावाचं नाव आठवेना, ते रिक्षावाल्यानं मागे वळून सांगितलं. मग उरला फक्त तो आकडा. दर थोड्या वेळानं डबा नवा आकडा पाठवतो, मधल्या वेळात जुनाच दिसत राहतो. छत्तीस. छत्तीस. धुक्यात रस्ता दिसत नव्हता, दोन्ही बाजूंनी सागाचे बुंधे पुढं यायचे आणि मागं जायचे. छत्तीस. मग तीस. मग बावीस. खाली "हीटर चालू" आलं.

म्हणजे पडदा फाटला होता. थंड हवा आत आली होती, आणि डब्यानं इमानदारीनं लाल दिवा लावला होता. पिल्लांसाठी. माणसाबद्दल त्याच्याकडे काहीच माहिती नव्हती, आणि माझ्याकडेही नव्हती. मी त्या आकड्याकडे बघत राहिले, जणू काही वेळानं तो तेही सांगेल.

पोचले तेव्हा आबाजी अंगणात खाटेवर होते. वासुदेवभाऊंनी एकट्यानं खाटेसकट ओढत बाहेर आणलं होतं. एक बाई त्यांच्या नाकाशी फोडलेला कांदा धरून होती, तिला वाटलं फिट आली आहे. चेहरा विचित्र लालसर दिसत होता, मी तसा कोणाचा पाहिला नव्हता. छाती हलत होती का, हे मला कळेना. विचारायची हिंमत होईना. मग त्यांना उलटी झाली, आणि वासुदेवभाऊंनी त्यांना कुशीवर वळवलं.

"जित्ता हाये," ते म्हणाले. "बुड्यानं घाबरवलं साल्यानं."

कुंदाबाई खळ्यावरून धावत आली. तिच्या केसांत, पदरावर तणीस होतं. ती आबाजींकडे गेली, मग फाटलेल्या पडद्याकडे बघितलं, मग आत गेली. मी तिच्या मागे गेले. खाट जिथं होती तिथं घमेलं होतं, त्यात अजून निखारे होते. आबाजींनी ते दोन विटांवर ठेवलं होतं. विटांभोवतीचा तूस हातानं सारून जमीन गोल साफ केली होती आणि कडेनं पाणी शिंपडलं होतं. मी सांगितलं होतं ना, एक ठिणगी पडली तर पेटेल. त्यांनी ठिणगी पडायला जागाच ठेवली नव्हती. आगीची भीती मी त्यांना घातली होती, ती त्यांनी ऐकली होती. बंद खोलीत निखाऱ्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो, तो माणसाला झोपेतच नेतो, हे मी सांगितलं नव्हतं. विस्तव आणायचाच नाही म्हटल्यावर ते सांगायची गरज आहे, असं वाटलं नव्हतं.

सेन्सर घमेल्यापासून हातभर लांब लटकत होता. पलीकडच्या कोपऱ्यात पिल्लं ढीग करून होती, बरीच गेलेली.

रुग्णवाहिका आली, आबाजींना ऑक्सिजन लावला. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि कुंदाबाई बाकावर बसलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, सकायी जाताना मी डोकावून पाह्यलं होतं. लाल लाइट लागत नव्हता. म्हटलं, आज तं लय वाचून राह्यलं. खुश होऊन गेली मी खळ्यावर."

मला तिला काही सांगायचं होतं. लाल दिवा बंद असण्याची कारणं तीन असतात: शेड पुरेशी गरम आहे, हीटर बिघडले आहेत, किंवा डबा फसला आहे. मी तिला पहिलंच शिकवलं होतं, कारण त्यातच आमचा माल विकला जातो. पण व्हरांड्यात मी फक्त तिच्या पदरावरचं तणीस काढत राहिले.

दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाचले. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. चंद्रपूरहून आमच्या कंपनीच्या सरांचा फोन आला. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "आपली मशीन तर बरोबर चालली ना?" मी हो म्हणाले. ती बरोबरच चालली होती. तिच्याजवळची हवा गरम होती, तिनं तसं सांगितलं.

आता मी कुठंही डबा लावायला गेले की हीटर मोजायच्या आधी विचारते, या घरात सगळ्यांत जास्त थंडी कोणाला वाजते? लोकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. मी उत्तर मिळेपर्यंत उभी राहते. मग त्या माणसाला शोधून, समोर बसून, निखाऱ्याचं सगळं सांगते. त्यांना भीती वाटेपर्यंत सांगते. सरांच्या मते त्यानं विक्रीवर परिणाम होतो.

पंधरा-वीस दिवसांनी मी कुंदाबाईकडे पुन्हा गेले. पडदा शिवलेला होता, वरची हातभर जागा उघडी होती. बरीच पिल्लं त्या दिवशी गेली, पण उरलेली चांगली वाढली होती. आबाजी अंगणात उन्हात खाटेवर होते. खाटेखाली घमेलं होतं. मी थबकले.

"उघड्यात चालते ना?" कुंदाबाईनं विचारलं. "डाक्टर म्हने चालते."

"उघड्यावर चालतं," मी म्हणाले. ती शेडमध्ये गेली.

"ये, ब्रूडरवाली," आबाजी म्हणाले. "बस. काई खाल्लं का?"

"खाऊन आले. तुम्हाला बरं वाटतं का आता?"

"बरं कायचं. पाय ठनकून राह्यले." मग त्यांनी शेडकडे बघून आवाज खाली आणला. "तुले एक सांगू का? कुंदाले सांगजो नोको. त्या दिवशी पाय नाई दुखले. पुरी थंडी गेली आंगातली. जवान होतो तवा तलावातून निघून पारीवर उन्हात पडो ना, तसं वाटलं. वाटे, उठूच नाई."

"आबाजी, ते त्या गॅसमुळं. ते विष होतं."

"सांगतलं मले डाक्टरनं." त्यांनी पाय निखाऱ्यांच्या बाजूला सरकवले. "असन जहर. पन तशी झोप मले लय वर्साची नाई लागली."

मी उठून शेडमध्ये गेले आणि कुंदाबाईला सगळं सांगितलं. सांगू नको म्हटलेलं मी सहसा कोणाला सांगत नाही. ती पिल्लांना पाणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "मालूम हाये. दवाखान्यात डोरे उघडले तं पयलं हेच बोलले, काऊन उठवलं मले म्हने." मग भांडं खाली ठेवून म्हणाली, "दाराले कुलूप लावतो मी आता. चाबी माया कमरेले रायते. तरी खळ्यावर जीव लागत नाई माया."

आम्ही बाहेर आलो. खाट रिकामी होती.

ती घराकडे धावली, मी शेडच्या मागे. मागे कोणी नव्हतं. पडद्याची खालची कड मी हातानं चाचपत गेले, कुठं उचललेली आहे का बघत. तेवढ्यात गोठ्याच्या आडून आबाजी आले, एका हातानं काठी आणि एका हातानं धोतर सावरत.

"काऊन धावून राह्यल्या वो?" त्यांनी विचारलं.

कुंदाबाई दारात धापा टाकत उभी होती. तिनं पुढं होऊन त्यांचा दंड धरला.

"काई नाई, मामाजी," ती म्हणाली. "उन्हात बसा."